कालच्या भावावर उद्याचा डाव : बॅकटेस्टच्या सेटिंग आणि मुंबईचा इतिहास

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या घरात कुणी ट्रेडिंगचा 'अल्गो' घेतलाय किंवा घ्यायच्या विचारात आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली, कुठल्याही स्टेशनबाहेर उभे राहा. इंग्लिश स्पीकिंग आणि टॅलीच्या पाट्यांशेजारी आता 'ऑप्शन ट्रेडिंग' आणि 'अल्गो' या पाट्याही दिसतात. विकणाऱ्याचं बोलणं बहुतेक ठिकाणी सारखंच. "आम्ही तोंडी सांगत नाही साहेब, बॅकटेस्ट दाखवतो." मग लॅपटॉप फिरवला जातो आणि पडद्यावर डावीकडून उजवीकडे चढत गेलेली एक रेघ दिसते. पाच वर्षांपूर्वी एवढे लाख लावले असते तर आज एवढे झाले असते, असं ती रेघ सांगते. ओळखीतल्या एका निवृत्त गृहस्थांना अशीच रेघ दाखवली गेली होती. ग्रॅच्युइटीचे पैसे बँकेत पडून होते. त्यांनी मला विचारलं, "कॉम्प्युटरने काढलेला आकडा आहे, तो कसा खोटा असेल?"

प्रश्न साधा होता, उत्तर तितकं साधं नव्हतं. आकडा खोटा नसतो. पण तो कुठल्या अटींवर काढला, हे त्या रेघेवर लिहिलेलं नसतं. त्या अटी असतात सेटिंगच्या पानावर, आणि ते पान गिऱ्हाइकाला सहसा दाखवत नाहीत.

बॅकटेस्ट म्हणजे काय, ते आधी सांगतो. तुमच्याकडे खरेदी-विक्रीचा एक नियम आहे. समजा, २० दिवसांची सरासरी ५० दिवसांच्या सरासरीला ओलांडून वर गेली की घ्यायचं, खाली आली की विकायचं. हा नियम सॉफ्टवेअरला द्यायचा, सोबत जुने भाव द्यायचे, आणि विचारायचं : हा नियम तेव्हा पाळला असता तर काय झालं असतं? ॲमीब्रोकर, मेटास्टॉक, ट्रेडिंगव्ह्यू ही यातली नेहमीची नावं. नियम लिहिला की पुढे सेटिंगच्या चौकटी येतात. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत? दलाली किती? सिग्नल आल्यावर सौदा त्याच भावाला की पुढच्या? लॉट केवढा? शेअरची यादी कुठली?

मी बाजाराचा तज्ज्ञ नाही. पत्रकारितेचा डिप्लोमा करून उपनगरातल्या बातम्या करणारा माणूस आहे. पण आकडा समोर आला की तो कुठून आला हे विचारायची सवय या धंद्याने लावली. म्हणून असं एक सॉफ्टवेअर घेऊन बसलो. नियम तोच ठेवला, भावही तेच ठेवले, फक्त चौकटी बदलत गेलो. एका चौकटीने चढती रेघ सपाट झाली, दुसरीने खाली वळली. आणि मग लक्षात आलं, की यातली जवळजवळ प्रत्येक चौकट याच शहरात घडलेल्या एखाद्या गोष्टीबद्दल विचारते आहे. बॅकटेस्ट हे गणित म्हणून विकलं जातं, पण मुळात ते इतिहासाबद्दलचं विधान आहे. म्हणून ते इतिहासासारखंच तपासावं लागतं. आज एकेक चौकट घेऊन तेच करतो.

पहिली चौकट : तारीख कुठून कुठवर?

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिथला कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्या मुंबईच्या कापसाकडे वळल्या. शहरात पैशाचा पूर आला. बँका निघाल्या, भराव कंपन्या निघाल्या. प्रेमचंद रायचंद हे त्या काळातलं सर्वांत मोठं नाव. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५० हजारांच्या आसपास गेला. मुदतीचे सौदे झाले होते, ते पुरे करायची तारीख होती १ जुलै १८६५. पण एप्रिल १८६५ मध्येच युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला, आणि १ जुलैला पैसे द्यायला कुणाकडेच काही नव्हतं. बॅक बेचा शेअर दोन हजारांच्याही खाली आला. बँक ऑफ बॉम्बे पुढे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. दिनशा वाच्छा यांनी या सगळ्यावर नंतर एक पुस्तकच लिहिलं.

आता १८६५ च्या मार्चमध्ये कुणाकडे लॅपटॉप असता आणि त्याने 'गेल्या चार वर्षांचा' बॅकटेस्ट केला असता, तर काय दिसलं असतं? घ्या आणि धरून ठेवा, कधीच तोटा नाही. आकडे शंभर टक्के खरे. फक्त ती चारही वर्षं युद्धाची होती.

आपल्याकडे मार्च २०२० मध्ये कोविडच्या भीतीने बाजार कोसळला आणि तिथून वर गेला. त्या मार्चमध्ये देशात साधारण ४ कोटी डिमॅट खाती होती, मार्च २०२४ पर्यंत ती १५ कोटींच्या वर गेली. म्हणजे आज बाजारात असलेल्या बहुतेकांनी खरी मोठी घसरण पाहिलेलीच नाही. त्यांना दाखवलेल्या बॅकटेस्टची सुरुवात एप्रिल २०२० ला होत असेल, तर ती तारीख योगायोगाने निवडलेली नाही, असंच समजा. तीच सुरुवात जानेवारी २००८ करायला सांगा. रेघ कशी वागते ते बघा.

ओपन, क्लोज आणि जुना चार्ट

जुन्या आकड्यांत उद्याचा आकडा शोधायची हौस या शहराला कॉम्प्युटरच्या आधीपासून आहे. न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजचे कापसाचे उघडते आणि बंद भाव टेलिप्रिंटरवर मुंबईत यायचे. त्यांच्यावर आकडा लागायचा. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द मटक्यात आले ते कापसाच्या बाजारातून. १९६१ मध्ये न्यूयॉर्कहून ते भाव येणं थांबलं. तेव्हा आकडा मुंबईतच काढायची सोय झाली. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांचा वरळी मटका सुरू झाला, १९६४ मध्ये रतन खत्री यांचा न्यू वरळी मटका. चिठ्ठ्या, पुढे पत्ते, आणि गिरणगावापासून उपनगरापर्यंत पसरलेले बुकी.

त्या काळातल्या कुणाला विचारा, चार्टची आठवण निघतेच. मागच्या महिन्यांचे, वर्षांचे ओपन-क्लोज ओळीने लिहिलेले कागद. त्यावर पेन्सिलीने तिरक्या रेघा मारून लोक आज काय येणार ते काढायचे. आणि गंमत म्हणजे जुन्या आकड्यांवर ती रेघ बरोबर बसायची! बसणारच, कारण आकडे समोर ठेवूनच ती मारलेली असायची. पत्त्यांना मात्र कालचा आकडा लक्षात राहत नाही.

शेअर बाजार म्हणजे मटका, असं मला म्हणायचं नाही. शेअरच्या मागे कंपनी असते, तिचा धंदा असतो. मुद्दा एवढाच, की माहीत असलेल्या आकड्यांवर बसवलेली रेघ जिंकणारच. परीक्षा होते ती माहीत नसलेल्या आकड्यांवर.

ही परीक्षा पहिल्यांदा नीट घेतली ती अमेरिकेत, आल्फ्रेड कोल्स या माणसाने, १९३३ मध्ये. वॉल स्ट्रीट जर्नलचे संपादक विल्यम हॅमिल्टन 'डाऊ थिअरी'वरून बाजाराचे अंदाज अग्रलेखांत लिहायचे. कोल्सने त्यांचे २५ हून जास्त वर्षांतले अग्रलेख गोळा केले आणि त्यांचं ऐकून कुणी सौदे केले असते तर काय मिळालं असतं ते मोजलं. उत्तर आलं वर्षाला १२ टक्के. आणि नुसते शेअर घेऊन स्वस्थ बसला असता तर १५.५ टक्के. लक्षात घ्या, हॅमिल्टन यांनी अंदाज त्या-त्या दिवशी छापले होते. निकाल पाहून मागाहून नियम शोधायची सोय त्यांना नव्हती. आजच्या बॅकटेस्टवाल्याला ती सोय आहे, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

बाजार दलाल स्ट्रीटवरून उपनगरात आला

१८७५ मध्ये दलालांची संघटना झाली, पुढे तिचीच बीएसई झाली. शंभराहून जास्त वर्षं बाजार म्हणजे दलाल स्ट्रीट, आरडाओरडा आणि हाताच्या खुणा. बोरिवलीचा माणूस दलालाला फोन करायचा आणि कुठला भाव लागला ते नंतर कळायचं. तो खरंच त्याच भावाला झाला होता का, हे तपासायला मार्ग नव्हता.

३ नोव्हेंबर १९९४ ला एनएसईने शेअरचे सौदे पडद्यावर सुरू केले. सौदे उपग्रहावरून जायचे, त्यामुळे दलालाला फोर्टातच बसायची गरज उरली नाही. घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या इमारतींच्या गच्चीवर छत्र्या लागल्या, खाली गाळ्यात टर्मिनल आलं. मार्च १९९५ मध्ये बीएसईही 'बोल्ट'वर गेली. पुढे एनएसईचं मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आलं, म्हणजे देशातल्या मोठ्या एक्स्चेंजचा पत्ताच उपनगराचा झाला.

बॅकटेस्टच्या दृष्टीने यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे भावकॉपी. दिवसअखेर प्रत्येक शेअरचा उघडता, उच्च, नीच आणि बंद भाव असलेली फाइल एक्स्चेंज प्रसिद्ध करतं. इंटरनेट आल्यावर ती घरबसल्या मिळू लागली. त्याच सुमारास मेटास्टॉक आणि टॉमाश यानेचको या पोलिश माणसाने बनवलेला ॲमीब्रोकर मुंबईत पोचले. आधी जे दलालाच्या डोक्यात आणि वहीत होतं, ते आता बोरिवलीच्या वन-बीएचकेमध्ये कुणालाही तपासता येऊ लागलं. ही मोठी गोष्ट होती आणि चांगलीही. पण फाइलमध्ये भाव असतात, त्या दिवशीचा बाजार नसतो.

दुसरी चौकट : सौदा कुठल्या भावाला?

५ ऑक्टोबर २०१२ घ्या. सकाळी एमके ग्लोबल या ब्रोकरकडून चुकीच्या ऑर्डरी गेल्या, एकूण साधारण ६५० कोटींच्या. ५,८०० च्या आसपास असलेला निफ्टी क्षणात ४,८८८ पर्यंत खाली आला, व्यवहार थांबले, नंतर भाव परत वर. आता भावकॉपीत त्या दिवशीचा 'नीच' म्हणून काय नोंदलं गेलं? ४,८८८. तुमचा नियम जर 'पाच टक्के पडलं की घ्या' असा असेल, तर सॉफ्टवेअर त्या दिवशी तुम्हाला आनंदाने खालच्या भावात खरेदी करून देतं आणि संध्याकाळी घसघशीत नफा लिहितं. खऱ्या आयुष्यात त्या काही सेकंदांत तुमची ऑर्डर कुठे असती?

किंवा १८ मे २००९. लोकसभेच्या निकालानंतरचा सोमवार. बाजार उघडताच वरचं सर्किट लागलं, व्यवहार थांबले, पुन्हा उघडले, पुन्हा सर्किट, आणि दिवसभरासाठी बंद. सेन्सेक्स २,१०० अंकांहून जास्त वर. फाइलमध्ये त्या दिवसाचा भाव आहे. विकणारा मात्र जवळजवळ कुणीच नव्हता.

म्हणूनच 'डिले' ही चौकट बघायची. बंद भावावरून सिग्नल काढायचा आणि त्याच बंद भावाला खरेदी झाली असं धरायचं, म्हणजे पेपरचं उत्तर बघून पेपर सोडवायचा. बाजार बंद झाल्यावरच बंद भाव कळतो, तोवर खरेदीची वेळ गेलेली असते. डिले किमान एक ठेवला की सौदा दुसऱ्या दिवशीच्या भावाला होतो. माझ्या प्रयोगात सर्वांत जास्त फरक पडला तो या एका आकड्याने.

तिसरी चौकट : खर्च

शून्य खर्चावर काढलेली रेघ कायम सुंदर दिसते. म्हणून एक हिशोब करू. २०२५ मधले दर धरा. निफ्टीचा एक ऑप्शन, प्रीमियम १०० रुपये, लॉट ७५. घेतला आणि विकला. दलाली प्रत्येक ऑर्डरला २० प्रमाणे ४० रुपये. विक्रीवर ०.१ टक्का एसटीटी, म्हणजे साडेसात रुपये. एक्स्चेंजचं शुल्क सव्वापाचच्या आसपास, वर जीएसटी, स्टॅम्प ड्युटी. सगळं मिळून साधारण ६१ रुपये. त्यात पडद्यावर दिसलेला भाव आणि प्रत्यक्ष मिळालेला भाव यातला फरक, ज्याला स्लिपेज म्हणतात, तो येताना-जाताना फक्त ५०-५० पैसे धरला तरी ७५ रुपये. म्हणजे एका सौद्याला १३६. दिवसाला दोन सौदे, वर्षाला २५० दिवस : ६८,००० रुपये. एका लॉटमागे! नफा झाला काय, तोटा झाला काय, हे जाणारच.

आणि हे दर इतिहासात स्थिर नव्हते. एसटीटी आला ऑक्टोबर २००४ मध्ये. ऑप्शनच्या विक्रीवर तो ०.०५ टक्का होता, एप्रिल २०२३ पासून ०.०६२५ झाला, ऑक्टोबर २०२४ पासून ०.१. २०२१ चे सौदे २०२१ च्या खर्चाने तपासून उद्याचा नफा सांगणं म्हणजे जुन्या मीटरने आजचं रिक्षाभाडं सांगणं.

स्लिपेजचंही तसंच. एनएसईने २०१० च्या सुमारास को-लोकेशन सुरू केलं, म्हणजे मोठ्या कंपन्यांचे सर्व्हर एक्स्चेंजच्या आवारातच बसले. बोरिवलीच्या घरातून वायफायवर निघालेली ऑर्डर त्या रांगेत कितवी असेल?

चौथी चौकट : कुठले शेअर?

सेन्सेक्स सुरू झाला १९८६ मध्ये, पायाभूत वर्ष १९७८-७९. म्हणजे त्याची पहिली काही वर्षं मुळात मागे जाऊनच मोजलेली. त्या पहिल्या तीस कंपन्यांत आपल्या ओळखीची नावं होती. कुर्ल्यात पद्मिनी गाड्या बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स होती. मुकंद होती. भांडुपच्या कारखान्यामुळे एलबीएस रोडवरच्या प्रत्येकाला माहीत असलेली सिएट होती. सिंदिया ही जहाज कंपनी होती. यातलं कुणीही आज सेन्सेक्समध्ये नाही. काही कंपन्या टिकल्या, काही संपल्या.

आता कुणी आजचे तीस किंवा आजचे पन्नास शेअर घेऊन वीस वर्षांचा बॅकटेस्ट केला, तर त्याने नकळत काय केलं? जे जगले त्यांचीच परीक्षा घेतली. ७ जानेवारी २००९ ला सत्यमच्या रामलिंग राजूंनी हिशोबातला घोटाळा कबूल केला आणि त्याच दिवशी शेअर तीनचतुर्थांशाहून जास्त पडला. सत्यम तेव्हा निफ्टीत होता. आजच्या यादीत तो नाही, म्हणून आजच्या बॅकटेस्टमध्ये तो दिवस उगवतच नाही. युनिटेक, रिलायन्स कम्युनिकेशन्स, येस बँक यांचंही तेच. एलबीएस रोडवर आज उभ्या असलेल्या टॉवरच्या किमती बघून 'इथे कधी कुणाचा तोटा झालाच नाही' म्हणण्यासारखं आहे हे. ज्यांच्या कारखान्यांना टाळं लागलं, ते या यादीत नाहीत.

याच चौकटीला लागून बोनस आणि स्प्लिट. ऑक्टोबर २०२४ मध्ये रिलायन्सने एकास एक बोनस दिला, भाव एका दिवसात निम्मा दिसू लागला. डेटा दुरुस्त केलेला नसेल तर सॉफ्टवेअरला वाटतं की कंपनी बुडाली, आणि ते विकून मोकळं होतं.

पाचवी चौकट : लॉट, वार आणि वेळ

आता सर्वांत जास्त विकल्या जाणाऱ्या मालाकडे येऊ. '९:२० चा स्ट्रॅडल' हे नाव ट्रेडिंग करणाऱ्या प्रत्येकाने ऐकलंय. सकाळी ९:२० ला कॉल आणि पुट दोन्ही विकायचे, स्टॉपलॉस लावायचा, दुपारी बाहेर पडायचं. बँक निफ्टीच्या आठवड्याच्या ऑप्शनवर याचे बॅकटेस्ट अफाट चालले.

पण तारखा बघा. २००९ च्या डिसेंबरपर्यंत बाजार ९:५५ ला उघडायचा. ९:१५ ची वेळ आली ऑक्टोबर २०१० मध्ये. २००९ पर्यंत ९:२० ला बाजारात चिटपाखरूही नसायचं. बँक निफ्टीचे आठवड्याचे ऑप्शन सुरू झाले मे २०१६ मध्ये. त्यांची मुदत गुरुवारी संपायची, सप्टेंबर २०२३ पासून ती बुधवारी संपू लागली. आणि १ ऑक्टोबर २०२४ च्या सेबीच्या परिपत्रकानंतर एका एक्स्चेंजला एकच आठवडी करार ठेवायची मुभा राहिली, तेव्हा १३ नोव्हेंबर २०२४ ला बँक निफ्टीची शेवटची आठवडी एक्स्पायरी झाली. साडेआठ वर्षांचं आयुष्य, संपलं. तरी त्या मालाचा बॅकटेस्ट दाखवून त्याच नियमाचा निफ्टीवरचा अल्गो विकला जातो. हे म्हणजे ट्राम वेळेवर धावायची म्हणून मेट्रोचा पास विकणं.

निफ्टीचं वेगळं नाही. सप्टेंबर २०२५ पासून निफ्टीची एक्स्पायरी गुरुवारची मंगळवारी आली. ज्यांच्या नियमात 'बुधवारी घ्या, गुरुवारी सोडा' होतं त्यांचा सगळा बॅकटेस्ट एका परिपत्रकाने जुना झाला. लॉट तर विचारूच नका. २००० मध्ये निफ्टी फ्यूचर सुरू झाला तेव्हा २००, पुढे १००, ५०, २०१४ मध्ये २५, २०१५ मध्ये ७५, २०२१ मध्ये ५०, एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा २५, त्याच वर्षाअखेर पुन्हा ७५. एप्रिलमध्ये २५ च्या लॉटवर 'एवढं भांडवल पुरतं' असं सॉफ्टवेअरने सांगितलेल्या माणसाला वर्षाअखेर तेवढ्यात तो सौदा करताच येत नव्हता. आणि पडझडीत होणारा तोटाही तिप्पट.

त्याच्याही मागे गेलात तर बाजारच वेगळा. जुलै २००१ पर्यंत बदला चालायचा, हिशोब खात्याच्या मुदतीने व्हायचे. नंतर रोलिंग सेटलमेंट आली, जानेवारी २०२३ मध्ये सगळे शेअर टी प्लस वनवर गेले. १९९८ चे भाव फाइलमध्ये मिळतात, पण १९९८ चे नियम त्या फाइलमध्ये नसतात.

सहावी चौकट : ऑप्टिमाइझ

ही चौकट सर्वांत मोहाची. २० आणि ५० ऐवजी कुठली सरासरी चांगली, हे सॉफ्टवेअरच शोधून देतं. पहिली सरासरी ५ ते ५०, दुसरी २० ते २००, एवढं सांगितलं तरी ८,३२६ जोड्या होतात. स्टॉपलॉसचे दहा पर्याय जोडा, ८३,२६०. सॉफ्टवेअर काही मिनिटांत सगळे तपासतं आणि पहिला आलेला वर ठेवतं.

आता असं समजा, की मुलुंडच्या कालिदास नाट्यगृहात १,०२४ माणसं बसवली आणि प्रत्येकाला दहा वेळा नाणं उडवायला सांगितलं. सरासरीने त्यातल्या एकाला दहाही वेळा छापा येणार. त्या माणसाकडे काही कला आहे का? पण बाकीच्या १,०२३ जणांना घरी पाठवून त्या एकट्याला स्टेजवर उभं केलं, तर टाळ्या पडतील. तुम्हाला दाखवली जाते ती या स्टेजवरच्या माणसाची रेघ.

गणितज्ञांनी याचं मापही काढलंय. २०१४ मध्ये बेली, लोपेझ डी प्राडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात दाखवलं, की पाच वर्षांचाच डेटा असेल तर ४५ पेक्षा जास्त स्वतंत्र पर्याय तपासू नयेत. तपासले तर कागदावर चांगला दिसणारा पण पुढे काहीच न देणारा नियम हाती लागणं जवळजवळ ठरलेलंच. ४५! आणि इथे ८३ हजार तपासले जातात.

यावर उपाय सॉफ्टवेअरमध्येच आहे. त्याला वॉक-फॉरवर्ड म्हणतात. पहिल्या काही वर्षांवर नियम ठरवायचा आणि न पाहिलेल्या पुढच्या वर्षांवर तपासायचा. म्हणजे कोल्सने हॅमिल्टन यांची घेतली तीच परीक्षा. हा पर्याय मेनूमध्ये असतो, विकणारा तो क्वचितच उघडतो.

मग बॅकटेस्ट करूच नये?

करावा. हातात सॉफ्टवेअर असेल तर जरूर करावा. माझ्या मते त्याचा खरा उपयोग नियम चांगला आहे हे सिद्ध करायला होत नाही, नियम वाईट आहे हे स्वस्तात कळायला होतो. जो नियम खर्च आणि डिले धरून जुन्या भावांवरच हरतो, त्यात खरे पैसे घालायची गरज उरत नाही. एवढं कळलं तरी कितीतरी लाख वाचतात.

कारण बाहेरचं चित्र गंभीर आहे. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्यूचर-ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. एकूण १.८ लाख कोटींपेक्षा जास्त. त्यातले तीनचतुर्थांशाहून अधिक लोक वर्षाचं उत्पन्न पाच लाखांच्या आत दाखवणारे. २०२४-२५ मध्येही ९१ टक्के तोट्यात, निव्वळ तोटा एक लाख कोटींच्या वर. आणि त्याच २०२४ च्या अहवालात आणखी एक ओळ आहे : परदेशी संस्थांच्या नफ्यातला ९७ टक्के आणि प्रोप्रायटरी ट्रेडर्सच्या नफ्यातला ९६ टक्के नफा अल्गोने कमावलेला. म्हणजे अल्गो कमावतो हे खरंच आहे. फक्त तो कुणाचा, हे बघायचं.

सेबीने काहीच केलं नाही असंही नाही. सप्टेंबर २०२२ च्या परिपत्रकाने ब्रोकरना अल्गोचा मागचा किंवा पुढचा परतावा सांगून जाहिरात करायला आणि तसं करणाऱ्या प्लॅटफॉर्मशी संबंध ठेवायला मनाई केली. फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकाने अल्गोंची एक्स्चेंजकडे नोंद आणली. ज्याच्या आतला नियम गिऱ्हाइकाला दिसत नाही अशा 'ब्लॅक बॉक्स' अल्गोवाल्याला रिसर्च ॲनालिस्ट म्हणून नोंदणी करायला लावली. नियम आहेत. पण स्टेशनबाहेरच्या गाळ्यात लॅपटॉप फिरवला जातो तेव्हा तिथे सेबीचा माणूस नसतो. तिथे तुम्ही असता, किंवा तुमचे वडील, किंवा नुकताच नोकरीला लागलेला मुलगा.

म्हणून एवढं विचारा, आणि सेटिंगचं पान उघडून दाखवायला सांगा :

१. तारीख कुठपासून आहे? २००८ आणि मार्च २०२० त्यात आहेत का?
२. दलाली, एसटीटी आणि स्लिपेज किती धरलंय? आजच्या दराने?
३. सिग्नल आणि सौदा एकाच भावाला तर नाही ना?
४. शेअरची यादी तेव्हाची की आजची? बोनस-स्प्लिट दुरुस्त केलेत का?
५. ज्या करारावर हे तपासलं, तो त्याच वाराला, त्याच लॉटने आज मिळतो का?
६. किती पर्याय तपासून हा निवडला? न पाहिलेल्या वर्षांवर काय निकाल आला?
७. सेबीचा नोंदणी क्रमांक काय? तो सेबीच्या वेबसाइटवर तिथल्या तिथे बघा.

सातही प्रश्नांना यादीतून किंवा मराठी-हिंदीत सरळ उत्तर मिळालं तर पुढे बोला. 'ते टेक्निकल आहे, तुम्हाला कळणार नाही' असं उत्तर आलं, तर चहा पिऊन निघा. त्या निवृत्त गृहस्थांना मी हीच यादी लिहून दिली. तुम्हालाही ती उतरवून घ्यायला हरकत नाही.